भट्टीवरची भागी

बसा पावणं, आमच्याच घरातलं एक सांगतो. मला जुळ्या पोरी झाल्या, भागी न् हौसा. आईलाबी वळखू यायच्या नाय, इतक्या सारख्या. हौसाला माझ्या बहिणीनं तान्हेपणीच भुसावळला नेलं, रेल्वेच्या क्वार्टरात. भागी हितंच रानात वाढली, आमच्या कोळशाच्या भट्टीवर, धुरात न् अर्ध्या पोटी.

लढाई संपली तवा हौसा पहिल्यांदा घरी आली, वीस वरसांची होऊन. दारात भागी हुबी होती. हौसा वाकून तिच्या पाया पडली.

"आये, मी तुझी हौसा."

भागीनं पाय मागं घेतलं. "आये ती मागं बसलीय गं. मी भागी."

ती बघा, भागी पाणी घेऊन आलीच. पावणं, तिला मावशी म्हणू नका, पोरी म्हणा.