मागे लावलेला कागद

विनताने फाइल उघडली. वर अर्जाचं पत्र होतं, खाली रेझ्युमे होता, आणि दोन्हीच्या मागे बाबांनी जात प्रमाणपत्राची झेरॉक्स लावून दिली होती. नुसती ठेवली असती तर हळूच काढता आली असती. बाबांनी स्टेपलरने वरच्या कोपऱ्यात पिनांवर पिना मारल्या होत्या.

जबलपूरच्या सदर भागातलं औषधांच्या एजन्सीचं ऑफिस. आत केबिनमध्ये शेठ एका मुलाची मुलाखत घेत होता, त्याच्यानंतर हिचा नंबर. काचेच्या दाराबाहेर, पायरीवर, बाबा उभे होते. लेकीने पाहिलं म्हटल्यावर त्यांनी हात हलवला. होऊन जाईल, भिऊ नको, असा.

त्या रेझ्युमेसाठी तिने काय कमी डोकं फोडलं होतं. कॉम्प्युटर क्लासच्या शरयू दीदीने बजावून सांगितलं होतं, प्रायव्हेटमध्ये एकच पान द्यायचं. वडिलांचं नाव नको, धर्म नको, जात तर नकोच नको. तुला काय येतं ते लिही, आणि त्यांना तुझा काय उपयोग आहे ते पत्रात लिही. विनताने तसंच केलं. टॅली येते, स्टॉक सांभाळता येतो, इंग्रजी पत्र टाइप करता येतं. छापून आलेलं पान पाहून तिला स्वतःचाच जरा भरवसा वाटायला लागला होता. आणि सकाळी बाबा म्हणाले, "आण इकडे, पिन मारून देतो."

बाबांना तरी काय बोलणार. सरकारी कारखान्यात त्यांचा जन्म गेला. फॉर्म कशाचाही असो, ते प्रमाणपत्र मागे लावल्याशिवाय त्यांच्या हातून सुटत नसे. ते मिळवायला त्यांनी तहसीलीत जोडे झिजवले होते. "तुम लोग तो महाराष्ट्र के हो," म्हणून तिथला बाबू दरवेळी परत पाठवायचा. मग बाबा त्याला समजावत बसायचे की साहेब, नागपूर आणि जबलपूर छप्पनच्या आधी एकाच प्रांतात होते, माझा बाप तेव्हाच इथे आला. अशा हट्टाने आणलेला कागद तो.

पण हा शेठ म्हणजे काही सरकार नव्हतं. तिची मैत्रीण लतिका अशाच एका ऑफिसात गेली होती. तिथल्या माणसाने घर कुठे, समाज कोणता, सगळं विचारलं, "अच्छा" म्हणाला, आणि फोन करेंगे म्हणून पाठवून दिलं. फोन आला नाही. लतिकाने ते हसत सांगितलं होतं, विनताला मात्र तेव्हापासून त्या "अच्छा"ची भीती बसली होती. भीतीची लाजही वाटत होती, पण भीती जास्त होती.

केबिनचं दार उघडलं. मुलगा बाहेर आला. आतून शेठचा आवाज आला, "विनता जी, आइए."

तिने काचेकडे पाठ केली आणि कागद ओढला. पिना सुटेनात. एक नखाखाली घुसली. तिने दात आवळून हिसका दिला, तसा कागद निघाला, पण त्याचा कोपरा पिनांखालीच राहिला. झेरॉक्स चुरगाळून तिने मुठीत धरली, मुठीवर ओढणी घेतली. बाबांनी पाहिलं का, हे वळून बघायची तिची छाती झाली नाही.

शेठने पत्र वाचलं, रेझ्युमे वाचला. "एक ही पेज? बढ़िया है. लोग तो पोथा उठा लाते हैं." मग नावावर बोट ठेवून म्हणाला, "सोनटक्के. महाराष्ट्रियन? हमारे स्कूल के मास्टर साहब भी महाराष्ट्रियन थे. पंडित आदमी. आप लोग भी पंडित ही होंगे?"

म्हणजे बामण. विनताने मुठीवरची ओढणी आणखी पुढे ओढली.

"हम यहीं के हैं, सर. जबलपुर के," ती म्हणाली.

शेठ हसला आणि त्याने पान उलटलं. फाटका कोपरा त्याच्या अंगठ्याखाली आला. त्यावर गोल शिक्क्याची कड तेवढी उरली होती. त्याने चष्मा वर करून ती पाहिली.

"यहाँ कुछ और भी लगा था क्या?"

"नहीं, सर."

शेठने तो कोपरा नखाने खरवडला, टेबलाखालच्या डब्यात टाकला. "चलो, ठीक है. सोमवार से आ जाइए."

बाहेर आली तर बाबा पायरीवरच होते. "काय म्हणे?"

"सोमवारपासून ये म्हणाले."

बाबांनी डोळे मिटले आणि उघडले. थोडं चालून गेल्यावर त्यांनी विचारलं, "कागद सगळे पाह्यले त्याईनं?"

"हो बाबा."

"मागचा पण?"

मूठ अजून ओढणीखालीच होती. कागद घामाने ओला झाला होता. "मागचा पण."

"मंग. मी काय म्हणत होतो? तू म्हणे एकच पान पाहिजे. एका पानावर कोणी नोकरी देते का." त्यांनी ऑटोला हात केला. "आता काहून घाबरून राहिली? झालं न काम."

ऑटो थांबला. बाबांनी तिला आधी बसू दिलं, मग स्वतः बसले, आणि खुशीत तिच्या मुठीवरच हात ठेवला.

"सोमवारी मी येतो संग," ते म्हणाले. "ते झेरॉक्स होतं. शेठले ओरिजिनल दाखवून देऊ."