डबीतली वाफ

पावडरच्या डब्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात आत्याने तेहतीस वर्षं झाकणांतले आरसे तपासले. तिची रीत ठरलेली होती. आरशावर तोंडाची वाफ सोडायची, ती कडेकडून विरू द्यायची आणि बघायचं. खोट दिसली, तर लाल पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढायची. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा वाफ सोडायची. तरीही खोट दिसलीच, तर दुसरी रेघ ओढून फुली पुरी करायची आणि डबी भंगारात टाकायची.

"नवरा पारखताना चुकले असेन, आरसा पारखताना नाही," ती भाचीला छातीठोकपणे सांगत होती.

भाची कारखान्याचा इतिहास लिहीत होती. गोदामातून तिने अगदी पहिल्या वर्षीची एक डबी शोधून आणली होती. तिचं कागदी सील अजून शाबूत होतं.

"आण इकडे. उघडल्या उघडल्या सांगते."

आत्याने सील फोडलं आणि खटका दाबला. आरशावर वाफ धरलेली होती.

"दमट जागेत पडून होती ना," भाची म्हणाली.

आत्याने अंगठ्याने पुसून पाहिलं. वाफ काचेच्या आतून होती. ती कडेकडून विरत गेली, अगदी रीतीप्रमाणे, आणि आत्याचा चेहरा लख्ख उमटला.

"बघ, नाव ठेवायला जागा नाही!"

तेवढ्यात काचेच्या आतून एक लाल रेघ निघाली. सरावलेल्या हाताने ओढावी तशी ती सावकाश तिच्या कपाळावरून हनुवटीपर्यंत तिरकी आली आणि थांबली.

आत्याने श्वास रोखून धरला.

आरशावर पुन्हा वाफ धरली.