दुसरी कट्यार

कट्यार न्यायला आलेल्या कुसाकाबेंनी पांढरे हातमोजे चढवलेले पाहून ती घडवणाऱ्या उकाईंना हसू आलं. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. महत्त्वाचं काम म्हटलं की हात आपोआप मोज्यांत जात असणार.

"मोजे काढा, कुसाकाबेसान. मूठ सटकली तर पायाचं बोट जाईल."

"घ्या! आणि मी महिनाभर मोजे घालूनच सराव केला. भात वाढायच्या लाकडी पळीवर. बायको म्हणाली, निदान पळी तरी नीट धरायला शिकाल."

मोजे काढून, घडी करून त्यांनी बाजूला ठेवले. समोरच्या कट्यारीला चटईला कपाळ टेकेल इतकं वाकून वंदन केलं. मग धार वर ठेवून पातं हळूच म्यानातून काढलं आणि श्वास रोखला. पोलादावर तोंडाची वाफ जाऊ नये, हे त्यांना ठाऊक होतं. चूक काढायला जागा नव्हती.

नात मियो जन्मली तेव्हा त्यांनी बाळाच्या उशाशी ठेवायची ही राखणीची कट्यार घडवायला सांगितली होती. ती आता घरभर पळत होती. कट्यार सांगायला येताना त्यांनी बसच्या जुन्या वेळापत्रकामागे एक चित्र काढून आणलं होतं: रोज सकाळी गाडीच्या काचेतून दिसणाऱ्या पाच टेकड्या. तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की धारेजवळ जी पांढुरकी रेघ उमटते, ती अशी हवी. उकाईंनी त्या चित्राबरहुकूम मातीचा लेप दिला होता. दोन पात्यांना दिला होता. अशा कामाला पाती दोन घडवायची, सरस निघेल ते गिऱ्हाइकाला द्यायचं आणि दुसरं घरात ठेवायचं, ही रीत उकाईंच्या आजोबांच्याही आधीची.

सरस पातं आतल्या खोलीत होतं. उद्या ते तोक्योच्या स्पर्धेला जायचं होतं. त्या स्पर्धेच्या यादीत उकाईंचं नाव लागून अकरा वर्षं झाली होती.

कुसाकाबेंच्या हातात होतं ते दुसरं. वाईट नव्हतं. फक्त चौथी टेकडी धुक्यात गेल्यासारखी विरली होती. बसवाल्याला काय कळणार, अशी उकाईंनी मनाची समजूत घातली होती. आता त्याच बसवाल्याच्या डोळ्यांत पाणी तरळलेलं पाहून त्यांना स्वतःची किळस आली.

पातं म्यानात गेल्यावरच कुसाकाबे बोलले. उकाईंना ते आदराने 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणत. "सेन्सेई, अशा वेळी दोन घडवतात ना? मी वाचलंय. मग मागे राहिलेली कुठे असते?"

"असते कुठेतरी."

"तिलाही नमस्कार करावा म्हणतो. मियोसाठी तिनेही आग सोसलीच की."

उकाई सबब शोधत होते, तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या सेत्सुए म्हणाल्या, "आतच आहे. आणते." नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आठवडाभर त्या त्याच्याशी जेवणाखाण्यापुरतंच बोलत होत्या.

कुसाकाबेंनी पुन्हा तसंच वाकून वंदन केलं. पातं काढून खिडकीच्या उजेडात धरलं आणि ते थबकले. त्यांचं एक बोट हवेतच, पात्याला न लागता, रेघेवरून सरकू लागलं. एक, दोन, तीन. मग त्यांनी कट्यार रेशमी कापडावर ठेवली.

"सेन्सेई, हिच्यात तर चौथीसुद्धा आहे."

सुरात तक्रार नव्हती, नुसता गोंधळ होता. "तिच्या माथ्यावर जरासा उंचवटा आहे, देवळाचा. तोसुद्धा आलाय."

सेत्सुएंचा किटलीवरचा हात थांबला.

एक वाक्य पुरलं असतं. तसं एक वाक्य उकाईंच्या घशाशी आलंही. पण त्यांनी कट्यार उचलली, उजेडात तिरकी धरली आणि आयुष्यात घडवलेल्या सर्वांत चोख पात्यावर, जिथे काहीही नव्हतं तिथे, बोट दाखवलं.

"इथं बघा. पोलादाच्या पोटात बारीक चीर आहे. दिसायला छान, पण टिकायची नाही."

कुसाकाबेंनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे बारीक केले, मान इकडून तिकडे कलती करून पाहिली.

"हो हो, दिसली," ते भिडेखातर म्हणाले. मग त्यांनी सुस्कारा सोडला. "बाप रे! माझ्यावर सोडलं असतं तर टेकड्यांना भुलून मी हीच उचलली असती. चीर पडलेलं पातं गेलं असतं पोरीच्या उशाशी. तुम्ही होतात म्हणून!"

सेत्सुएंनी चहाचे भरलेले पेले तसेच तबकात ठेवले आणि त्या आत निघून गेल्या.

निरोप द्यायला उकाई फाटकापर्यंत आले. पाहुणा कोपऱ्यावर वळेपर्यंत यजमानाने वाकून राहायचं असतं. एरवी ते बेतानंच वाकत. आज कंबरेत पार दुमडले, कारण मान वर करून त्या माणसाच्या पाठीकडेही बघायची त्यांना लाज वाटत होती. चपलांचा आवाज दूर जात राहिला. मग तो एकाएकी थांबला. वळणाला अजून अवकाश होता, म्हणून उकाईंनी खालूनच नजर तिरकी केली. कुसाकाबेंनी मागे वळून पाहिलं असावं. कट्यारीचं खोकं छातीशी कवटाळून ते भर रस्त्यात उकाईंपेक्षाही खाली वाकले होते, आणि सेन्सेईंनी आधी उठण्याची वाट पाहत होते.