ड्रॅगनची झोप

थांबा पाहुणे, तलवार चालवायच्या आधी माझी गोष्ट ऐका. हा गेम बघा, यातलं सगळं संगीत आमच्या पुतणीचं. जादूच्या जंगलात, गुहेत झोपलेल्या ड्रॅगनचा श्वास कुठून आणावा, तिला सुचेना. एका दुपारी तिचा बाप, म्हणजे माझा दादा, घोरत पडला होता. पोरीनं उशीपाशी माइक ठेवला, घोरणं संथ केलं आणि मागं बासरी सोडली. ऐकून दादा भडकला, “मी असा घोरतो?” वहिनी म्हणाली, “ड्रॅगन परवडला, तुमच्यापायी चाळीस वर्षं माझ्या डोळ्याला डोळा नाही!” पुढं दादा गेला आणि वहिनीची झोपच उडाली. गोळ्या झाल्या, काढे झाले. शेवटी पोरीनं टीव्हीवर ही गुहा लावून दिली. ड्रॅगन घोरतो, बासरी तरंगते, धुकं हलतं. कोचावर बघा, वहिनी कशी निजलीय. तेवढी तलवार म्यान करा, झोपू द्या दोघांना.