मुकी लाँच

लाँच वळणावर आली आणि वाजली नाही.

इंजिनाचा आवाज अगेनोर कप्तानाच्याच लाँचचा होता. तो आमच्या गावात कुणाला सांगावा लागत नाही. एरवी हा बाबा वळणावर असा भोंगा वाजवतो की झाडावरचे पोपट शिव्या देत उडतात आणि बायका पिठाची पोती घेऊन धक्क्याकडे निघतात. पण लाँचवर मेलेलं माणूस असेल तर मदेइरा नदीवर कुणी भोंगा वाजवत नाही. मुकाट यायचं, मुकाट धक्क्याला लागायचं. ज्याचं असेल त्याने उतरवून घ्यायचं.

आमच्या गावातून गेलेलं सहसा परत येत नाही. आजोबांच्या काळी रबर गेलं. वडिलांच्या काळी रानातल्या कास्तान्या बदामांची पोतीच्या पोती गेली. मनौस शहरातले व्यापारी गलेलठ्ठ झाले, आमच्याकडे रिकामी गोदामं उरली आणि वटवाघळांची छान सोय झाली. आता पोरं जातात, नदीच्या वरच्या अंगाला, तळातलं सोनं काढणाऱ्या तराफ्यांवर. तोंडात हवेची नळी धरून तळाशी उतरायचं आणि वाळू उपसायची. नळी सुटली किंवा वाळूची दरड अंगावर आली की खेळ खलास. रबर परत आलं नाही, पण पोरं येतात. कधी खिशात चिमूटभर सोनं घेऊन, कधी भोंग्याशिवाय.

त्या दिवसांत गावातल्या तीन घरांची माणसं तिकडे होती. झुलमिराचा मुलगा तेल्मो, नेउझाचा नवरा ओसियास आणि लिंदालवाचा एकुलता एक वालमिर. वालमिरची तर किती वर्षांत खबर नव्हती. कुणी म्हणे तो दुसऱ्या नदीवर गेला, कुणी म्हणे बोलिव्हियात त्याने बाई ठेवलीय. लिंदालवा सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि आपल्या कोंबड्यांना दाणे टाकायची.

झुलमिरा कसावाच्या कंदाचं पीठ भाजत होती. तिने कढईवरचा हात काढला तो काढलाच. पीठ करपलं, वास गावभर पसरला. नेउझा उतारावरच्या मातीच्या पायरीवर मटकन बसली. "पाय उचलत नाहीत गं," ती म्हणाली, आणि पुन्हा तेच म्हणाली.

लिंदालवा मात्र आधी घरात गेली. तिने जत्रेला घालायचा निळा झगा घातला. केस विंचरले. पेटीतून वालमिरची झोपायची झोळी काढली. धुतलेली, घडी घातलेली. आमच्याकडे मेलेल्याला झोळीतूनच घरी नेतात. कुणाकडे न बघता ती पायऱ्या उतरली आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. लोकांनी वाट करून दिली.

"आईला कळतं," कुणीतरी पुटपुटलं.

ते ऐकून झुलमिराला बरं वाटलं. माझा नाही, तिचा. मग स्वतःचीच लाज वाटून तिने घाईघाईने छातीवर क्रूस काढला. रडायचं कुणी हे ठरलं नव्हतं, म्हणून कुणीच रडत नव्हतं.

लाँच लागली. अगेनोरने दोर फेकला आणि गर्दीकडे बघून दात काढले. "काय हो, अख्खं गाव? माझं लग्न ठरवलंत की काय?"

"कुणाला आणलंस?" झुलमिराने विचारलं.

"कुणाला म्हणजे?"

"अरे मेल्या, भोंगा नाही वाजवलास!"

अगेनोरचा चेहरा उतरला. "बिघडलाय हो तो. सकाळपासून नुसता फुसफुसतोय. माझ्या डोक्यातच नाही आलं... साखर, डिझेल आणि एक डुक्कर, एवढंच आहे लाँचवर. देवाशपथ."

नेउझा पायरीवर बसल्या बसल्या हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. झुलमिराने पायातली चप्पल काढून कप्तानाला फेकून मारली. "पुढच्या बंदरात आधी भोंगा नीट कर. पुन्हा असा मुका आलास ना, तर लाँचला काडी लावीन!"

"करतो बाई, आईशपथ करतो," अगेनोर कान पकडून म्हणाला.

लोक हसत, त्याला शिव्या घालत वर गेले. लिंदालवा गेली नाही. ती फळीवरून लाँचवर चढली. साखरेच्या पोत्यांमागे तिने वाकून पाहिलं. मग इंजिनामागे पाहिलं. डुक्कर तेवढं होतं.

"मावशी, खरंच कुणी नाही," अगेनोर हलक्या आवाजात म्हणाला. "अहो, आनंद माना. असेल तुमचा वालमिर कुठेतरी सुखात. एक दिवस येईल हसत."

लिंदालवाने झोळी काखेत नीट धरली. मिठाचा भाव विचारावा तशा आवाजात ती म्हणाली, "जिवंत यायचा तो केव्हाच आला असता रे. तू भोंगा नीट करू नकोस."

"असं कसं मावशी? बायका घाबरतात."

"घाबरू देत. तू वाजवत येतोस ना, तेव्हा मला वळणावरच कळतं, आजही तो आला नाही." ती फळीवर उतरली आणि क्षणभर थांबली. "आज निदान धक्क्यापर्यंत तरी माझा पोरगा आला होता."