टॉवेलाखालचा हात

बैलबाजारात चाळीस वर्षं दलाली केलेले सोपानतात्या बायकोला, हौसाबाईला घेऊन कॅमेऱ्याच्या दुकानात शिरले.

"लग्नापासनं एकाबी फोटूत हिचं डोळं उघडं न्हाईत. हिच्या पापणीपेक्षा चपळ असा दाखव."

दुकानदारानं मांडलेल्यातला एक त्यांनी पारखून उचलला, बटण कुठलं तेही विचारून घेतलं. मग बाजारातल्या सवयीनं हातावर टॉवेल टाकला आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवायला त्याखाली दुकानदाराचा हात धरला.

"काका, हात कशाला धरताय?" तो गोरामोरा झाला.

"आवं, सोडा की. त्यो काय बैल इकतोय व्हय?" हौसाबाई खळखळून हसल्या. तात्यांनी दुसऱ्या हातातल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

पडद्यावर हौसाबाई हसत होत्या, दोन्ही डोळे टपोरे उघडे. तात्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"तू सांगशील त्यो भाव. ह्योच बांध."