बायकोचे रिपोर्ट

पहिली नात झाली त्या वर्षाची गोष्ट. परमुलखात चाळीस वर्षं दवाखाना चालवून निवृत्त झालेले डॉक्टर बायकोची पर्स मांडीवर घेऊन इस्पितळातल्या तरुण डॉक्टरसमोर बसले होते. हिला इथली भाषा येत नाही, असं ते सगळ्यांना सांगत. भाजीवाल्याशीसुद्धा ती त्यांच्याच तोंडून बोले. तरुण डॉक्टर तिचे रिपोर्ट समजावत होता. शब्द ओळखीचे होते, पण डॉक्टरांना एकाचाही अर्थ लागेना. पर्सच्या चेनशी चाळा करत नुसती मान डोलावत राहिले. शेवटी बायकोकडे वळून मराठीत पुटपुटले, "अगं, काय म्हणतोय हा?" तिने पर्स काढून घेतली. "अहो, उन्हाळा काही मला दिसायचा नाही, म्हणतोय." "तुला कसं कळलं?" "इतकी वर्षं फोनवर लोकांना हेच सांगताना ऐकलंय तुम्हाला. उठा आता, बाहेर माणसं खोळंबलीत." हिवाळा सरायच्या आतच ती वारली.